माघारी येणारी वीज

दत्तरावांनी सोलरचं पॅनल उलटं करायला लावलं. दुकानदार नागेशनं ते दोन खुर्च्यांवर अलगद पालथं ठेवलं, तसे दत्तराव वाकले आणि पाठीवरच्या काळ्या डबीला जवळजवळ नाकच लावून उभे राहिले. डबीचं झाकण हलवून पाहिलं, चौकटीचे कोपरे नखानं खरवडले, चष्मा कपाळावर चढवून छापील नंबर वाचला. दाराजवळच्या स्टुलावर बसलेल्या मालनबाई पदरानं वारा घेत होत्या. त्यांनी कपाळाला हात लावला. सून बघायला गेल्यावरसुद्धा कुणी एवढं निरखत नाही!

"काका, मोनो पॅनल हाय. कंपनीची पंचवीस वर्षांची गॅरंटी हाय, लेखी," नागेश म्हणाला.

"कोपरा ढिला वाटायलाय."

"कुठं ढिला?"

"वाटायलाय," दत्तराव म्हणाले आणि पुन्हा डबीकडे वळले.

महिनाभर हेच चाललं होतं. परभणीच्या एका दुकानात त्यांना काचेखाली बुडबुडा दिसला. जिंतूरला पॅनल बरं होतं, तर खालचा सांगाडा पातळ निघाला. पहिल्याच वावटळीत शेजारच्याच्या अंगणात जाऊन पडंल, म्हणाले. तेही एक वेळ खरं असेल. पण परभणीच्याच दुसऱ्या दुकानात खोट काढायला काही म्हणता काही सापडत नव्हतं. दुकानदार खुशीत येऊन म्हणाला, "लाइट गेली तरी अख्ख्या गल्लीला वीज पुरवाल, मामा!" तर हा माणूस समोरचा चहा तसाच ठेवून चपला घालून चालता झाला. मालनबाईंनी आपला आणि त्यांचा, दोन्ही चहा पिऊन टाकले. लाज वाटली, पण करतात काय?

उभी हयात दत्तराव लाइनमन होते. गावोगावच्या पोलवर चढून त्यांनी लोकांच्या घरात उजेड पाडला, आणि आता स्वतःच्या घरात पंखा फिरवायची वेळ आली तर हे नखरे. सूर्याशी भाऊबंदकी असल्यासारखं चाललंय म्हाताऱ्याचं, असं मालनबाई शेजारणींना सांगत आणि शेजारणी पोट धरून हसत.

मालनबाईंना मात्र आताशा हसू येत नव्हतं. लेक धम्मशीलेला सातवा सरला होता. पहिलं बाळंतपण, ते माहेरीच व्हायचं. देवगाव फाट्याच्या घरातली आतली खोली त्यांनी कधीच रिकामी केली होती, जुनी लुगडी धुऊन मऊ दुपटी शिवून ठेवली होती. पण फाट्यावर उन्हाळ्यात लाइट गेली की दुपार दुपार येत नाही, आणि स्लॅबखाली जीव नुसता भाजून निघतो. नांदेडहून विहीणबाईंचा फोन आला होता, अगदी गोड आवाजात. "तिकडं लाइटचा भरवसा न्हाई. राहू द्या पोरीला इथंच, आमच्याकडं सोय हाय." मालनबाईंनी हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. फोन ठेवून त्या रडल्या होत्या. लेकीचं पहिलं बाळंतपण आपल्या हातून जातंय, हे त्यांना सोसवत नव्हतं.

"आवो, बस झालं आता," त्या स्टुलावरून म्हणाल्या. "का पोरगी बाळ घेऊनच आल्यावर बसवायचं?"

दत्तराव काही बोलणार, तेवढ्यात लाइट गेली. बाजारातली सगळी खडखड एकदम थांबली. नागेशचा चेहरा मात्र खुलला. त्याच्या दुकानावर पॅनलं होतीच, भिंतीला इन्व्हर्टरची पेटी आणि खाली बॅटरी होती. त्यानं कोपऱ्यातल्या पंख्याकडे बोट केलं.

"बघा मावशी! बाजाराची गेली, आपली चालू. थांबला का पंखा?"

पंखा गरगर फिरत होता. मालनबाईंच्या तोंडावर वारा आला आणि त्यांना क्षणभर खोलीतली लेक, तिच्या कुशीतलं बाळ, सगळं डोळ्यांपुढं दिसलं.

"बंद कर!" दत्तराव ओरडले. "आधी बंद कर ते!"

नागेश दचकून बघतच राहिला. दत्तराव तसेच रस्त्यावर धावले, एका हातगाडीला धडकले आणि मान वर करून या पोलवरून त्या पोलवर बघू लागले. मालनबाई मागोमाग आल्या. पोलवर कुणी नव्हतं. 

"काय झालं वो? आसं काय करायलेत?"

त्यांनी पोलला पाठ टेकली. 

"सिताराम ध्यानात हाय का तुझ्या?"

त्यांच्या जोडीचा लाइनमन सिताराम मालनबाईंच्या ध्यानात कसा नसेल? पोलवर गेला बिचारा. त्याच्या बायकोला धरून बसल्या होत्या त्या. अचानक लाइन आली, एवढंच तेव्हा सगळे म्हणत होते.

"लाइन आली नव्हती," दत्तराव म्हणाले. "डीपीचे फ्यूज म्या माझ्या हातानं काढले होते, माझ्याच खिशात होते. खालच्या एका घरात लगीन होतं. लाइट गेली म्हणून त्यायनी जनरेटर आणला आन त्याची वायर घरातल्या बोर्डात खुपसली. मेन स्विच पाडलाच न्हाई. ती वीज घरातून माघारी तारेवर चढली. सिताराम बंद लाइन समजून..."

 मालनबाईंच्या मनात आलं, एवढी वर्षं एका ताटाला ताट लावून जेवलो, आणि हा माणूस हे एकट्यानंच गिळून बसला होता.

"मग आधी काहून न्हाई सांगितलं?"

"काय सांगू? पोरीच्या पंख्याला नको म्हणू? बाप हाय म्या तिचा." त्यांनी उपरण्यानं तोंड पुसलं. "म्हणून म्हणलं, पॅनलातच खोट निघाली तर बरं."

मालनबाईंना त्यांचा राग आला आणि त्याहून जास्त माया आली. त्या वळल्या, पदर कमरेला खोचला आणि तडक दुकानात शिरल्या. नागेश बावरून उभाच होता.

"मला एक सांगा," त्या म्हणाल्या. "लाइट गेल्यावर तुमच्या ह्या पेटीतली वीज माघारी पोलवर जाती का?"

"न्हाई मावशी. बाहेरची लाइन गेली का पेटी आपणहून लाइनीपासून तुटती. वीज घरातल्या घरात फिरती. म्हणून तर चांगली पेटी घ्या म्हणायलोय. बिनचाचणीची स्वस्तातली घेऊ नका."

"तोंडी नको. ह्यायला दाखवा."

"आन दाखवून ह्यायचं समाधान न्हाई झालं तर?" नागेशनं विचारलं.

मालनबाई थांबल्या. फिरत्या पंख्याकडे त्यांनी एकदा डोळे भरून बघितलं.

"तर पोरगी नांदेडातच बाळंत होईल," त्या म्हणाल्या.

दारात उभ्या दत्तरावांनी ते ऐकलं. ते आत आले. नागेशनं टेस्टर पुढं केला. त्यांनी तो आधी पंख्याच्या सॉकेटमध्ये घातला. दिवा पेटला, म्हणजे टेस्टर धड होता. मग पेटीच्या दुसऱ्या बाजूला, बाहेरची लाइन येते त्या तारेला लावला. दिवा पेटला नाही. पुन्हा लावला. मग सॉकेट, मग पुन्हा तार. नागेश कंटाळला.

"मेलेली हाय," शेवटी दत्तराव म्हणाले. लाइनमन लोक बंद लाइनीला असंच म्हणतात. पण इतक्या आनंदानं तो शब्द उच्चारलेला मालनबाईंनी कधी ऐकला नव्हता.

"मग आता पॅनल?" नागेशनं भीत भीत विचारलं. "त्यो कोपरा..."

"कोपऱ्याला काय धाड भरलीय? चांगला मजबूत हाय की! तेच दे."

पाडव्याच्या आत स्लॅबवर पॅनल चढलं. धम्मशीला आली, आणि वैशाखात लाइट गेली ती नेहमीसारखीच, ऐन दुपारी. आतल्या खोलीत पंखा फिरत राहिला. दुपट्यात गुंडाळलेली नात दूध पिऊन नुकती झोपली होती. शेजारणी पंखा बघायला जमल्या होत्या आणि मालनबाई त्यांना चहा देता देता नुसत्या फुलून गेल्या होत्या.

एवढ्यात बाहेरून आवाज आला. फाट्यावरचा नवा लाइनमन पप्पू समोरच्या पोलवर अर्ध्यात थांबून ओरडत होता.

"काका, तुमच्या घरात पंखा चालू दिसायलाय!"

"चालू हाय," दत्तरावांचा आवाज. "तार मेलेली हाय, म्या आत्ताच बघितली. तू चढ निवांत. म्या हितंच हाय."

धम्मशीलेनं खिडकीतून पाहिलं. रणरणत्या उन्हात डोक्यावर उपरणं टाकून बाप पोलच्या बुडाशी उभा होता, मान वर करून.

"आई, बाबांना आत बोलाव ना. इथं किती गार वाटायलंय."

मालनबाईंनी पाण्याचा तांब्या भरून घेतला आणि त्या दाराकडे निघाल्या.

"येतील," त्या म्हणाल्या. "पप्पू खाली उतरला का येतील."