लपणीतला रेडिओ

सरकारी हॉस्पिटलातल्या एक्स-रे बाईंना जांभळ्या बगळ्याचं वेड लागलं, तेव्हा त्यांनी पन्नाशी ओलांडली होती. दिवसभर अंधाऱ्या खोलीत लोकांची हाडं बघायची, आणि गुरुवारी, सुट्टीच्या दिवशी, पहाटे उठून कॅमेरा घेऊन स्कूटरवरून गावाबाहेर जायचं. तिथे विटांच्या कारखान्याने माती काढून काढून पाडलेले खड्डे होते. त्यांत पाणी साठून तळी झाली होती आणि काठाने पुरुषभर उंचीचं पाणकणीस माजलं होतं. टिबुकल्या, पाणकावळे, खंड्या, राखी बगळे, सगळे तिथे असत. राखी बगळा बिचारा सरळ स्वभावाचा. बँकेच्या रांगेत उभं राहावं तसा उघड्यावर तासन् तास उभा. त्याचे हवे तेवढे फोटो बाईंना पहिल्या महिन्यातच मिळाले.

जांभळ्याची गोष्ट वेगळी. तांबूस लांब मान, तिच्यावर वरपासून खालपर्यंत कुणी पेनाने ओढावी तशी काळी रेघ. पाणकणसात उभा राहिला की पाच पावलांवर असून दिसायचा नाही. दोन वर्षांत बाईंकडे त्याचे दोनशेच्या वर फोटो जमले होते, आणि बहुतेकांत तो उडून निघालेला होता. कुठे पाठ, कुठे लोंबकळणारे पाय, कुठे नुसतंच हललेलं गवत. मागच्या वर्षी त्याने इथेच घरटं केलं होतं म्हणे. बाईंना ते पिल्लं उडून गेल्यावर कळलं.

बाईंचे यजमान बाजारपेठेत सलून चालवायचे. गिऱ्हाइकं त्यांना रेडिओ म्हणत, कारण दुकानाचं शटर वर गेलं की त्यांचं बोलणं सुरू व्हायचं आणि शटर खाली आलं तरी बंद होईलच असं नव्हतं. घरीही तेच. पायमोजे शोधताना ते 'आता मी पायमोजे शोधतोय' असं सांगायचे. बाई मितभाषी. तीस वर्षांच्या संसारात त्यांनी 'हं' या एका अक्षरावर निम्मं काम भागवलं होतं.

त्या वर्षी सलूनच्या छताचा गिलावा कोसळला. सुदैवाने जेवणाची वेळ होती, खुर्ची रिकामी होती. मालकाने सगळी इमारतच दुरुस्तीला काढली आणि दुकान तीन महिन्यांसाठी बंद झालं. पहिल्या आठवड्यात रेडिओंनी घरातले सगळे पंखे पुसले. दुसऱ्या आठवड्यात बाई कामावरून आल्या तेव्हा ते कुकरशी बोलत होते. कितवी शिट्टी झाली यावरून त्यांचा आणि कुकरचा मतभेद झाला होता. बाईंना हसू आलं, मग दया आली. येत्या गुरुवारी माझ्याबरोबर चला, असं त्या म्हणून गेल्या.

रेडिओ पांढराशुभ्र शर्ट घालून तयार झाले. बाईंनी तो बदलायला लावला. वाटेत त्यांनी सगळे नियम सांगितले: लपणीत हलायचं नाही, बोलायचं नाही, काही दिसलं तर नुसता हात दाबायचा. लपण म्हणजे चार काठ्यांवर ताणलेलं हिरवं जाळीचं कापड, आत दोन स्टुलं आणि स्टँडवर कॅमेरा. रेडिओ आत बसले. खरोखर पाऊण तास गप्प बसले. पाण्याखाली श्वास कोंडून धरावा तसा त्यांचा चेहरा झाला होता. आणि मग पाणकणीस जरासं हललं, तांबूस मान बाहेर आली, बाईंचं बोट बटणावर गेलं, तोच कानाशी घोगरी कुजबुज झाली, "अगं, तो बघ!"

बगळा गेला. त्यानंतरच्या गुरुवारीही असंच झालं, फक्त त्या वेळी शब्द 'बाप रे' होते. तिसऱ्या खेपेला त्यांनी तोंडावर रुमाल धरला होता. रुमालातून शब्द फुटला, बगळा उडाला, आणि बाई कॅमेऱ्यावरून मान न वळवता म्हणाल्या, "तुम्हाला कधीतरी गप्प बसायला जमेल का हो? तीस वर्षं मी ऐकतेच आहे."

आवाज चढलेला नव्हता. कदाचित म्हणूनच तो जास्त लागला. रेडिओ काही बोलले नाहीत. स्कूटरवर मागे बसूनही बोलले नाहीत.

घरात त्यानंतर शांतता झाली. ते रुसले नव्हते. भांडी घासत होते, भाजी निवडत होते, विचारलं की उत्तर देत होते. पण आपणहून काही नाही. बाईंना पहिले दोन दिवस बरं वाटलं. तिसऱ्या दिवशी स्वयंपाकघरात त्या मागे वळल्या तर ते अगदी जवळ उभे. बाई केवढ्या तरी दचकल्या. हातातलं झाकण खाली पडलं. हा माणूस घरात कुठे आहे ते आपल्याला त्याच्या आवाजावरूनच कळत होतं, हे त्यांच्या पहिल्यांदाच लक्षात आलं. माफी मागावी असं त्यांना वाटलं, पण 'हं' च्या पलीकडे जायची सवय नव्हती.

पुढच्या गुरुवारी रेडिओ आपणहून निघाले. हातात पिशवी होती. मला पंपाशी सोड, म्हणाले. तळ्याच्या पलीकडच्या काठावर कारखान्याला पाणी ओढणारा पंप होता आणि तो सांभाळणारा एक वयस्कर पंपवाला. पहिल्याच दिवशी फाटकाशी त्याचे कानावर आलेले केस पाहून रेडिओंचे हात शिवशिवले होते. पिशवीत कात्री, कंगवा आणि अंगावर घालायचं कापड होतं.

बाई एकट्याच लपणीत बसल्या. दोन तास गेले. जाळीच्या आत इतकी शांतता होती की त्यांना स्वतःच्या घड्याळाची टिकटिक ऐकू येत होती. समोर एक टिबुकली बुडी मारत होती, बाकी काही नाही. कंटाळून त्यांनी लेन्स पलीकडच्या काठाकडे वळवली. स्टुलावर गळ्याशी कापड गुंडाळलेला पंपवाला दिसला. त्याच्यामागे रेडिओ, कात्री चालू आणि तोंडही चालू. आठवडाभराचं साठलेलं सगळं बाहेर पडत असावं. आणि त्यांच्या पाठीमागे, फार तर दहा पावलांवर, उथळ पाण्यात, उघड्यावर, जांभळा बगळा एकेक पाय उचलत चालला होता. बाई बघत असतानाच त्याने चोच मारली, मासा गिळला आणि पुन्हा चालू लागला.

बाई उठल्या. कॅमेरा छातीशी धरून, कमरेत वाकून, झुडपांच्या आडून, पावलाचा आवाज होऊ न देता त्यांनी तळ्याला वळसा घातला. बगळा पन्नास पावलांवर राहिला असेल नसेल, त्याने मान ताठ केली, बाईंच्या झुडपाकडे पाहिलं आणि उडून गेला.

पंपवाल्याने हे सगळं पाहिलं होतं. तो हसला नाही, एवढा त्याचा चांगुलपणा. गळ्याचं कापड झटकत त्याने समजावून सांगितलं की हा पंप दिवसभर धडधडतो, त्याचं पाखरांना काही वाटत नाही. उलट पंप अचानक बंद पडला की सगळी भुर्रकन उडतात. आवाज चालू असला की त्यांना कळतं, कोण कुठे आहे. भीती वाटते ती दबा धरणाऱ्याची. मांजर तसंच येतं, कोल्हा तसाच येतो. "आणि बाई, तुम्हीही दोन वर्षं तशाच येताय," तो म्हणाला.

बाई त्या स्टुलावर बसल्या. रेडिओ कात्री पुसत होते, त्यांच्याकडे न बघता.

"अहो," बाई म्हणाल्या, "माझ्याबरोबर लपणीत बसाल?"

"गप्प बसायला मला जमत नाही."

"गप्प बसू नका. चुकलं माझं. तुम्ही बोलत राहा."

रेडिओंनी कात्री पिशवीत ठेवली, पुन्हा बाहेर काढली. मग म्हणाले, "काय बोलू?"

तीस वर्षांत हा प्रश्न त्यांना पडलेला बाईंनी पाहिला नव्हता.

पंपवाल्याला विचारून त्यांनी लपण पंपाच्या बाजूला आणली. त्या बाजूच्या पाणकणसातच घरटं होतं, दाबलेल्या काड्यांचा एक मोठा पसरट ढीग, आणि त्यात निळसर हिरवी तीन अंडी. बाईंनी रजा जमवून आठवड्यातून दोनदा यायला सुरुवात केली. आरंभी रेडिओंची फार पंचाईत झाली. बोला म्हटल्यावर बोलणं सुचेना. ते हवामानावर बोलले, मग छताच्या गिलाव्यावर, मग अडखळले. मग कधीतरी त्यांची गाडी रुळावर आली. आवाज एकसारखा, मध्यम, दुकानातला. मादी घरट्यावर आली, बसली, आणि तिने त्यांच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही.

बाईंनी इतकी वर्षं ते बोलणं पावसाच्या आवाजासारखं कानाआड केलं होतं. लपणीत दुसरं ऐकण्यासारखं काही नव्हतं, म्हणून त्या ऐकू लागल्या. त्यांना कळलं की रेडिओ लहानपणी अबोल होते. ज्यांच्या हाताखाली ते काम शिकले त्या उस्तादांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, तू गिऱ्हाइकाच्या पाठीमागे उभा असतोस आणि तुझ्या हातात वस्तरा असतो. त्याला तू दिसत नाहीस. तू बोलत राहा, म्हणजे तो घाबरणार नाही. रेडिओंनी ते इतकं मनावर घेतलं की पुढे थांबायचंच विसरले. बाईंनी डोळा कॅमेऱ्याला तसाच लावून ठेवला, पण समोरचं त्यांना थोडा वेळ धूसर दिसत राहिलं.

अंडी फुटली. तीन पिल्लं निघाली, डोक्यावर विस्कटलेले केस उभे असलेली, ज्यांना बघून रेडिओ म्हणाले की या तिघांना दुकानात आणलं पाहिजे. आणि एका सकाळी बाईंना फोटो मिळाला. मादी वाकलेली, तिच्या मानेवरची काळी रेघ सुरईच्या वळणासारखी, आणि तिन्ही पिल्लांनी तिची चोच एकदम धरलेली. दोनशे पाठमोऱ्या फोटोंनंतरचा एक समोरचा. तो निघत असताना शेजारी गिऱ्हाइकांच्या टकलांचे प्रकार सांगणं चालू होतं.

दुकानाचं काम संपत आलं तोवर पिल्लं आईएवढी झाली. घरट्याच्या कडेला उभी राहून पंख फडफडवून पाहायची आणि पुन्हा खाली बसायची. कुठल्याही दिवशी पहिलं उड्डाण होईल म्हणून बाई रोज कामाआधी येऊ लागल्या. अशाच एका सकाळी रेडिओ त्यांच्या पहिल्या भेटीची गोष्ट सांगत होते. करंगळीच्या हाडाला चीर पडली म्हणून ते हॉस्पिटलात आले होते, एक्स-रे काढणारी नवी मुलगी एक शब्द बोलत नव्हती, आणि ते भीतीने बडबडत होते. हे बाईंना ठाऊक होतं.

"दुसऱ्या दिवशी अंगठा दुखतोय म्हणून आलो ना, तो दुखत नव्हता," रेडिओ म्हणाले. "तुला कधी सांगितलं नाही."

"मला माहीत होतं," बाई म्हणाल्या. "फिल्म मीच धुतली होती."

"मग बोलली का नाहीस?"

बाईंनी फोकस थोडा सारखा केला. "डॉक्टर म्हणाले, काही झालेलं नाही, घरी पाठवा. मी म्हटलं, फिल्म नीट आलेली नाही, उद्या पुन्हा बोलावू या."

"नीट आली नव्हती?"

"चांगली स्वच्छ आली होती."

लपणीत आवाज थांबला. बाईंनी चमकून मान वळवली. रेडिओंचं तोंड अर्धवट उघडं होतं, आणि त्यातून काहीच येत नव्हतं. कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. पन्नाशी उलटलेला माणूस असा लाजताना बाईंनी प्रथमच पाहिला आणि त्या बघतच राहिल्या.

आवाज तुटल्याबरोबर तिकडे मादीने मान ताठ केली. घरट्याच्या कडेवर उभं असलेलं थोरलं पिल्लू बिचकलं, पंख उघडले, आणि काठावरून सुटून वेडंवाकडं, पाय लोंबकळत, पाण्यावरून पलीकडे जाऊन पोचलं. पंखांचा आवाज आला तेव्हा बाईंनी वळून पाहिलं. कॅमेरा स्टँडवर तसाच होता. बटण दाबायचं राहून गेलं होतं.

"गेला तुझा फोटो," रेडिओ हळूच म्हणाले.

"जाऊ दे. अजून दोघं आहेत," बाई म्हणाल्या, आणि डोळा पुन्हा कॅमेऱ्याला लावला. "तुम्ही बोला. चौथ्या दिवशी कशाचं निमित्त काढलं होतं?"