दुपट्यांखालचं पुस्तक

वृषालीनं पुस्तक दुपट्यांखाली दडवलं त्याला आज आठ दिवस झाले होते.

दवाखान्यात न्यायची बॅग भरून पलंगाखाली सरकवून ठेवलेली होती. तिच्यात लेकीचे, आरोहीचे दोन गाऊन होते, तिच्या फायली होत्या, सासूबाईंचं जुनं मऊ लुगडं फाडून शिवलेली बारा दुपटी होती, आणि तळाशी, दुकानाच्या कागदी पिशवीतच गुंडाळलेलं, बाळंतिणीच्या खाण्यावरचं नवंकोरं पुस्तक होतं. बाळ आल्याशिवाय ही बॅग कुणी उघडायचं नाही, आणि बाळ आल्यावर कोण कुणावर रागावतंय, असं तिनं मनाशी धरलं होतं.

लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली. नववा लागलेला. अशा वेळी येडगावातल्या कुठल्याही आईला काळजी करायला पुष्कळ काही असतं. वृषालीला त्यात पुस्तकाची भर.

कारण तिनं शपथ घेतली होती. आणि साधीसुधी नाही, आरोहीच्या पोटावर हात ठेवून.

झालं होतं असं. वृषालीला नाद म्हणाल तर एकच, नव्या पाककृतीच्या पुस्तकांचा. बाजारात नवं पुस्तक आलं की ते घरी यायलाच पाहिजे. जुनं चालत नाही. जुन्या पुस्तकातली आपण कशी हे तिला ठाऊक असतं. त्यातल्या चार पानांवर हळदीचे डाग असतात आणि बाकीची पानं कोरीच राहिलेली असतात. नव्या पुस्तकात मात्र अजून सगळंच व्हायचं असतं. पाव चमचा हे, चिमूटभर ते, आणि शेवटी तो फोटो. दुपारी भांडी घासून झाली की ती पुस्तक मांडीवर घेऊन बसायची आणि बायका मालिका बघतात तसं प्रस्तावनेपासून वाचायची. जे साहित्य नारायणगावात मिळत नाही ते पुण्यात मिळेल, पुण्यात नाही मिळालं तर नुसतं वाचायला काय लागतं. गोधड्यांच्या ट्रंकेत गोधड्या कमी आणि पुस्तकं जास्त झाली तेव्हा नवरा सुदर्शन एवढंच म्हणाला होता, "थंडीत आता पुस्तकंच पांघरू."

दोन महिन्यांपूर्वी आरोहीचं डोहाळजेवण झालं. घोडेगावचे व्याही-विहीण, त्यांचे भाऊबंद, सगळे मासवडीच्या आशेनं आलेले. आपल्याकडं पाहुण्याला मासवडी आणि झणझणीत रस्सा वाढला नाही तर वाढलंच काय? पण त्याच आठवड्यात वृषालीनं भरडधान्यांवरचं एक पुस्तक आणलं होतं. त्यातला भगरीचा पुलाव फोटोत असा काही मोकळा दिसत होता की तिचा धीर निघाला नाही. शंभर पानांवर तिनं तो वाढला.

विहीणबाई लंकाबाईंनी पहिला घास घेतला आणि मांडीवरचा पदर सारखा करत सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, "आज एकादस हाय का काय, वो?"

पंगत हसली. कुणी म्हणालं, "उपास सोडायला कधी यायचं मंग?" व्याही कुंडलिकराव भला माणूस, मुकाट्यानं दोनदा वाढून घेतलं, त्यानं तर जास्तच लाज वाटली. पाहुणे गेल्यावर आरोही आत येऊन रडली. मग डोळे पुसून तिनं आईचा हात ओढून आपल्या पोटावर ठेवला.

"माझी आणि ह्याची, दोघांची शपथ आहे तुला. परत नवं पुस्तक घ्यायचं नाही."

"न्हाई घेत," वृषाली म्हणाली. त्या वेळी तिला ते खरंच वाटलं होतं.

आणि मग गेल्या आठवड्यात बँकेच्या कामाला ती जुन्नरला गेली. बँकेतून निघाल्यावर एस्टी स्टँडकडं डावीकडं वळायचं, ती उजवीकडं वळली. उजवीकडं पीरमहंमदभाईंचं वह्या-पुस्तकांचं दुकान होतं.

"लांबनंच बघून जाते," तिनं स्वतःला सांगितलं.

"ताई!" पीरमहंमदभाईंनी तिला लांबनंच बघितलं. "तुमच्यासाठीच ठेवलंय. कालच पार्सल आलं."

"मला नको, भाई. मी सोडलंय."

"काय सोडलंय?"

"पुस्तकं."

"बरं, नका घेऊ. हातात तरी घ्या." त्यांनी ते पुढं सरकवलं. वर पितळी वाटीत अळिवाची खीर, वाटीशेजारी चिमुकलं टोपडं. "ह्या जुन्नरात खान्याची पुस्तकं घेनार तुमी एकट्याच. तुमी न्हाई घेतलं तर हे मला घरी न्यावं लागंल. मंग आमची जैबुन्निसा म्हनंल, तीस वर्सांनी मला सैपाक शिकवता का?"

वृषाली हसली आणि हसता हसता तिनं पान उलटलं. पान उलटलं तिथंच ती गेली. नव्या कागदाचा वास आला. बाळंतिणीला पहिल्या पाच दिवसांत काय द्यावं, दूध कशानं येतं, कंबर कशानं भरते. हे काही हौसेचं नाही, ती म्हणाली, हे तर आरोहीच्याच कामाचं. आणि शपथ घातली तेव्हा हे पुस्तक निघालंच नव्हतं. जे जगात नाही त्याची शपथ कशी लागेल? एखादा वकीलसुद्धा इतका भराभर बोलला नसता.

एस्टीत बसल्यावर तिच्या लक्षात आलं की घरात आणखी एक नियम आहे. बाळ जन्मायच्या आधी त्याच्या नावानं नवं काही घरात आणायचं नाही. त्यासाठीच तर सासूबाई, प्रयागबाई, दुपट्यांना जुनं लुगडं फाडतात. आणि हिनं घरी पोचल्यावर ते नव्यातलं नवं नेमकं त्या दुपट्यांखाली सारलं.

शपथेचं एक बरं असतं, ती सुटते. पण ज्यानं घातली त्यानंच 'सुटली' म्हणायला लागतं. म्हणजे आरोहीला सांगायला लागतं. आठ दिवस वृषाली उद्या सांगू, उद्या सांगू करत होती.

बुधवारी दुपारी ती शेंगा फोडत बसली होती. आरोही पलंगावर डाव्या कुशीला पडून मोबाइलकडं बघत होती. डॉक्टरीणबाईंनी तिला रोज जेवल्यावर बाळाची हालचाल मोजायला सांगितली होती.

"आई."

आवाज ऐकूनच वृषालीच्या हातातली शेंग खाली पडली.

"सकाळपासून हललं नाही गं हे."

"झोपलं आसंल."

"मघाशी जेवले, तासभर झाला. एकदाही नाही." आरोहीनं पोटावर टिचकी मारली, जशी दारावर मारावी. "ए, ऊठ ना."

वृषालीनं गूळपाणी दिलं. कूस बदलायला लावली. पोटावर हात ठेवला आणि तो तिथं ठेवायचं धाडस होईना म्हणून उचलला. शपथेच्या वेळी ह्याच जागी ठेवला होता. पुन्हा ठेवला. पोट गरम होतं, घट्ट होतं आणि गप्प होतं.

"चला," ती उठली. "बाबाला हाक मारते. तू चप्पल घाल."

"बॅग घे, आई. राहायला सांगितलं तर लागेल."

बॅग. वृषाली पलंगाखाली वाकली. पुस्तक काढून टाकावं, निदान ते तरी काढून टाकावं, पण आरोही तिच्याकडंच बघत होती. तिनं आहे तशी बॅग उचलली.

पिकअपमध्ये पुढं तिघं बसले. मागं टोमॅटोचे रिकामे क्रेट खडखडत होते. बॅग वृषालीच्या मांडीवर, आणि कापडातून पुस्तकाचा कोपरा तिला बरोबर मांडीत टोचत होता. तिनं बॅग फिरवली. कोपरा दुसऱ्या मांडीत आला.

"ह्या खेपेला बाजार बरा हाय," सुदर्शन म्हणाला.  "लई नाय, पण बरा हाय," तो म्हणाला आणि त्यानं विनाकारण हॉर्न वाजवला.

वृषाली मनातल्या मनात लेण्याद्रीच्या गणपतीच्या पायऱ्या चढत होती. देवा, सगळं नीट होऊ दे, अनवाणी येईन. पण बोलता बोलता तिलाच कसंसं झालं. देव म्हणेल, बाई, तुझ्या आधीच्या शब्दाचं काय झालं?

नारायणगावच्या दवाखान्यात सिस्टर होती सानिया, जुन्नरची, लेकीच्या वयाची. तिनं आरोहीला आडवं करून पोटावर दोन पट्टे बांधले आणि मशीन लावलं. थोडी खरखर झाली आणि मग घोडा पळावा तसे ठोके ऐकू आले.

"आहेत ना ठोके?" वृषालीनं विचारलं.

"आहेत, काकू. ठोके चांगले आहेत. पण बाळ हललं की ही रेघ वर चढायला पाहिजे. ती अजून सपाट येतीये. वीस मिनिटं बघू, मग मॅडम येतील." तिनं आरोहीच्या हातात एक बटण दिलं. "हललं की दाबायचं."

सानिया बाहेर गेली. सुदर्शन पडद्यापलीकडं फेऱ्या मारत होता. मशीनमधून कागद सरकत होता आणि त्याच्यावर रेघ, येडगावच्या धरणाचं पाणी दुपारी असतं तशी, नुसती थरथरत होती. आरोहीचा अंगठा बटणावर होता. दाबायला काहीच नव्हतं.

पाच मिनिटं गेली. वृषालीनं बॅगेकडं बघितलं. आता सांगावं तर पोरगी घाबरंल. न सांगावं तर ते तसंच लोंबकळत राहील, कुणाच्या जिवावर? दोघांच्या. दोघांची घातली होती.

"आरू, तू एकदा सुटली म्हण."

"काय?"

"सुटली म्हण. शपथ सुटली म्हण."

"कसली शपथ?"

वृषाली तिच्याकडं बघतच राहिली. "डोहाळजेवनाची. तू घातली व्हतीस. पोटावर हात ठिवून."

आरोहीच्या कपाळावर आठ्या पडल्या, मग हळूहळू तिला आठवलं. "पुस्तकाची?"

"मी घेतलं. आठ दिस झाले. त्या बॅगंत हाय, दुपट्यांच्या खाली. बाळंतिनीचं हाय, तुझ्यासाठीच, पन नवं हाय. मी सांगनार व्हते. तू आदी सुटली म्हण, मंग काय शिव्या द्यायच्या त्या दे."

 ठोके तेवढे पळत होते. मग आरोहीचे डोळे भरले, आणि वृषालीला वाटलं, झालं, मी हे सांगायलाच नको होतं.

"म्हणजे आज काही वाईट झालं असतं," आरोही सावकाश म्हणाली, "तर तू जन्मभर त्या पुस्तकाला धरून बसली असतीस."

"आगं, असं बोलू नको..."

"आणि मी पाणीपुरीला."

"कसली पानीपुरी?"

"सोमवारी. मैत्रिणीच्या स्कूटीवर मागं बसून गेले इथं स्टँडवर. तू कुशाबाआजोबांच्या तेराव्याला गेली होतीस तेव्हा. दोन प्लेट खाल्ल्या." तिचा आवाज फाटला. "तिखट पाण्याच्या. सकाळपासून मला वाटतंय त्यानंच झालं. तुला सांगायची हिंमत नव्हती."

 नववा लागलेली बाई स्कूटीवर बसून पाणीपुरी खायला गेली, ह्याच्यावर बोलायला वृषालीकडं एरवी अर्ध्या तासाचा ऐवज असता. तिनं नुसता लेकीच्या कपाळावरचा घाम पदरानं टिपला.

"पानीपुरीनं काय होत न्हाई," ती म्हणाली.

"मग पुस्तकानं होतं?"

"तरी तू म्हण."

"आई, तू पण ना."

"म्हण गं बाई. माझ्यासाठी म्हण."

"सुटली," आरोही म्हणाली. आईचं तोंड बघून तिनं आपणहून आणखी दोनदा म्हटलं. "सुटली, सुटली. झालं?"

तिनं म्हटलं आणि बाळ हललं, असं झालं असतं तर सांगायला गोष्ट बरी होती. तसं काही झालं नाही. रेघ सपाटच राहिली. वृषालीनं ती पहिल्यांदा नीट बघितली. आता तिच्या आणि रेघेच्या मध्ये पुस्तक नव्हतं, नवस नव्हता, काहीच नव्हतं. भीती मात्र होती तेवढीच होती. नुसतीच होती, त्यामुळे जास्त मोठी वाटत होती.

सानिया ग्लुकोजचं पाणी आणि बिस्किटाचा पुडा घेऊन आली. तिनं पोट दोन्ही हातांनी धरून हळूच हलवलं. "उठा राव," ती पोटाला म्हणाली, "नानी रडायला लागलीये इथं."

"मी न्हाई रडत," वृषाली रडत म्हणाली.

आरोहीनं दुसरं बिस्किट तोंडात घातलं. "हे मऊ पडलंय," ती सानियाला सांगत होती, "दुसरा पुडा..." आणि मध्येच थांबली. तिचा अंगठा दबला. रेघ एकदम वर चढली, टेकाडासारखी, आणि उतरून पुन्हा चढली. पट्ट्याखालून पोट एका बाजूला उंच झालं.

"आलं!" सानिया म्हणाली. पडद्यामागची फेरी थांबली. "काय? काय आलं?" सुदर्शन बाहेरूनच ओरडला.

डॉक्टरीणबाई आल्या, कागद दोन्ही हातांत धरून वरपासून खालपर्यंत वाचला. बाळ गाढ झोपलं असावं, म्हणाल्या. आज चांगलं आहे. पण मोजणं सोडायचं नाही, परवा पुन्हा पट्टे बांधून बघायचं, आणि मध्ये जरा जरी कमी वाटलं तर असंच लगेच यायचं. ही वेळच अशी असते. वृषालीनं 'आज' हा शब्द तेवढा नेमका ऐकला.

सुदर्शन गाडी वळवायला गेला. पट्टे सुटले होते तरी आरोही उठली नाही. दोन्ही हात पोटावर ठेवून ती पडून राहिली.

"आई, हे असं भ्यायचं थांबतं कधी? बाळ झाल्यावर?"

झाल्यावर थांबतं, असं सांगायचं वृषालीच्या अगदी ओठावर आलं होतं. पण आठ दिवस लपवून लपवून ती दमली होती.

"मला ठाऊक न्हाई गं," ती म्हणाली. "तू झालीस तवापासनं वाट बघतीये."

 अंग आवरून आरोही भिंतीकडं सरकली आणि तिनं पलंगावर आईपुरती जागा केली. वृषाली चपलेसकट तिथं टेकली. बाहेर सुदर्शननं दोनदा हॉर्न दिला, तरी दोघी जरा वेळ तशाच बसल्या, पुढची हालचाल मोजत.