विषद्योतकाचे पाच थेंब

सदाशिव पेठेत भल्या सकाळी रांग दिसली, तर ती दुधाची असते नाहीतर शाळेच्या प्रवेशाची. २००६ साली आमच्या गल्लीत तिसरी रांग लागू लागली. हातात लघवीच्या बाटल्या घेतलेल्या माणसांची.

हसू नका. त्या रांगेत बँकेतले निवृत्त अधिकारी होते, प्राध्यापक होते, हिंजवडीच्या कंपनीची बस चुकणार म्हणून घड्याळ बघणारी आणि एका हाताने आईला धरून उभी असलेली पोरं होती. आणि मीही होते. मी गोदावरी खांबेटे, एकतीस वर्षं शाळेत रसायनशास्त्र शिकवून निवृत्त झालेली बाई.

जिना चढून वर गेलं की लख्ख खोली. बारा खुर्च्या, प्रत्येक खुर्चीशेजारी सलाइनचा स्टँड आणि त्यावर टांगलेली पिवळसर बाटली. भिंतीवर एकाही देवाचा फोटो नाही. उलट ठळक अक्षरांत पाटी: ‘येथे अंधश्रद्धेला थारा नाही. ताईत, गंडे, अंगारे व लिंबे बाहेर ठेवावीत.’ ती पाटी वाचून मला फार बरं वाटलं, हे आधीच कबूल करते.

या सगळ्याचे मालक डॉक्टर यज्ञेश्वर. पांढरा कोट, मऊ आवाज, आणि नावामागे परदेशी पदव्यांची आगगाडी.

“कर्करोग म्हणजे काय?” ते खुर्च्यांमधून फिरत विचारायचे. “पेशींत साचलेलं विष. सर्जन गाठ काढतो, विष तिथंच राहतं. आपण शिरेतून व्हिटॅमिन सी सोडतो. संत्र्यात असतं तेच. संत्र्याला कोणी घाबरतं का हो? आणि मी म्हणतो म्हणून मानू नका. आपण पुणेकर आहात, पुरावा मागा.”

मग पुरावा यायचा. तपकिरी द्रवाची एक छोटी बाटली. नाव ‘विषद्योतक’. नव्या पेशंटची लघवी काचेच्या नळीत घ्यायची आणि विषद्योतकाचे पाच थेंब टाकायचे. नळी तपकिरी व्हायची. “दिसलं? हे विष.” मग तासभर सलाइन, पुन्हा लघवी, पुन्हा पाच थेंब. थेंब आत पडायचे आणि रंग डोळ्यांदेखत नाहीसा व्हायचा. नळी स्वच्छ. शिकलीसवरलेली माणसं टाळ्या वाजवायची, एखादी बाई डोळे पुसायची.

माझी धाकटी बहीण दीपमाला त्या खोलीत पहिल्यांदा गेली ती माझ्याबरोबर. नवरा गेल्यापासून ती आणि तिचा मुलगा सूरज माझ्याकडेच राहायचे. दीपाच्या छातीत सुपारीएवढी गाठ निघाली होती. तपासणीत कर्करोग ठरला. सर्जन बाई म्हणाल्या होत्या, “लवकर आलात. पंधरा दिवसांत ऑपरेशन करू, मग औषधं. यातून पुष्कळ बायका बऱ्या होतात.” तारीखसुद्धा दिली होती, वीस जून.

पण आमची आई अशाच ऑपरेशननंतर गेली होती. तिची शुश्रूषा दीपाने केली होती, मी शाळेत शिकवायला जात होते. त्यामुळे दीपाला ऑपरेशन म्हटलं की हातपाय गार पडायचे. तेवढ्यात सूरजने ऑफिसात आलेल्या एका ई-मेलची प्रिंट आणली. “मावशी, हे बघ ना. नॅचरल आहे, साइड इफेक्ट झीरो. आणि क्लिनिक आपल्याच पेठेत आहे, इमॅजिन!”

“आधी मी बघते,” मी म्हणाले.

आमच्या घरात याचा अर्थ निकाल माझा, असा होता. नारळातून आग काढणाऱ्या एका बुवाला मी भर सभेत उघडं पाडलं होतं. नारळाच्या शेंडीत सोडियमचा खडा होता, पाणी शिंपडलं की पेट घ्यायचा. वर्तमानपत्रात फोटो आला होता. तेव्हापासून बुवाबाजीचा वास मला दुरून येतो, असा माझा समज होता. भस्म, घंटा, जटा यांचा वास खरंच यायचा. पांढऱ्या कोटाचा आला नाही.

डॉक्टरांनी मला ओळखलं. “खांबेटे बाई! मग आज नळी आपणच धरा. थेंबही आपणच टाका. माझा हात लागायला नको.”

मी नळी धरली. थेंब मोजून टाकले. सलाइनआधी तपकिरी, सलाइननंतर स्वच्छ. आधीचे तीन दिवस दीपाला आंबट वर्ज्य होतं, त्याचंही मला काही वाटलं नाही. पथ्य म्हणजे पथ्य. कुणीतरी फोटो काढला. दीपा माझ्याकडे बघत होती. परीक्षेच्या निकालाच्या दिवशी बघायची तशी.

“एक महिना बघू,” मी म्हणाले.

वीस जूनला सर्जन बाईंचा फोन आला. “अहो, तुम्ही आला नाहीत. वेळ घालवू नका.” मी म्हणाले, “आम्ही सुशिक्षित आहोत. विचार करून कळवू.” आणि फोन ठेवला. हे वाक्य आठवलं की आजही मला स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

महिन्याचे आठ महिने झाले. दर आठवड्याला सलाइन, दर आठवड्याला स्वच्छ नळी. गाठ वाढतेय असं दीपा एकदा म्हणाली. डॉक्टर म्हणाले, “विष बाहेर पडताना गाठ फुगते.” पाठ दुखते म्हणाली. “विष हाडांतून निघतंय.” वा रे वा! वाढलं तरी गुण, दुखलं तरी गुण. चाचणी परीक्षेत कुणी असं उत्तर लिहिलं असतं, तर मी पेपर भिरकावला असता. दरम्यान क्लिनिकच्या भिंतीवर माझा नळी धरलेला फोटो लागला होता, चौकटीत. तो बघून मला संकोच वाटला आणि खरं सांगायचं तर आनंदही झाला.

फेब्रुवारीत चतुर्थी आली. दीपाचा उपास, म्हणून साबुदाणा भिजवला होता. विषद्योतकाची एक बाटली घरच्या तपासणीसाठी दिलेली असायची, ती फ्रीजमध्ये. दीपा दूध काढायला गेली. हातात ताकद राहिली नव्हती, बाटली कलंडली आणि चार-सहा थेंब खालच्या कप्प्यातल्या साबुदाण्याच्या पातेल्यात पडले.

पांढरा साबुदाणा काळानिळा झाला.

“अगं बाई,” दीपा पुटपुटली. “ताई, विष साबुदाण्यात पण असतं?”

स्टार्चवर आयोडीन टाकलं की काळानिळा रंग येतो. बटाट्याची फोड, भाताचं शीत, साबुदाणा. सातवीच्या प्रत्येक वर्गाला, एकतीस वर्षं, मी स्वतः करून दाखवलं होतं. विषद्योतक म्हणजे टिंक्चर आयोडीन, पाणी घालून पातळ केलेलं. आणि आयोडीनचा रंग घालवणारा पदार्थ कोणता? मी लिंबू कापलं आणि पिळलं. काळानिळा साबुदाणा हळूहळू पुन्हा पांढरा झाला. लिंबातल्या व्हिटॅमिन सीने.

सगळं एका क्षणात समजलं. शिरेतून भरमसाट व्हिटॅमिन सी दिलं की शरीर नको असलेलं लघवीतून फेकून देतं. ते नळीत आयोडीनला भेटतं आणि रंग जातो. त्या नळीला कर्करोगाशी काही देणंघेणं नव्हतं. पेशंटला व्हिटॅमिन सी दिलंय, एवढंच ती सांगत होती. म्हणून आंबट वर्ज्य. म्हणून लिंबं बाहेर.

“काय झालं गं?” दीपाने विचारलं. मी तिला सांगू शकले नाही. “खिचडी बिघडली,” म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी औषधाच्या दुकानातून व्हिटॅमिन सीच्या आंबट गोळ्या आणून मी चार चघळल्या, दोन तासांनी स्वतःच्या लघवीची बाटली भरली आणि क्लिनिकमध्ये गेले. पर्समध्ये लिंबू होतं. खोली भरलेली. मी टेबलावरची नळी घेतली, पाणी घातलं, विषद्योतकाचे पाच थेंब टाकले आणि लिंबू पिळलं. नळी स्वच्छ.

“बघा,” मी म्हणाले. “पाण्याचा कर्करोग बरा झाला.”

कुणी हसलं नाही. मग मी माझ्या लघवीची बाटली काढली. ना मला कर्करोग, ना मला सलाइन. पाच थेंब. नळी स्वच्छ. मी आयोडीन समजावून सांगितलं, सोप्या शब्दांत, शाळेत सांगायचे तसं.

डॉक्टर यज्ञेश्वर शांतपणे म्हणाले, “बाई, ताणामुळे असं होतं. आपणच नळी धरली होतीत. तो बघा आपला फोटो.”

खिडकीजवळ हिंदुराव नावाचे गृहस्थ बसायचे, हिंजवडीकडचे. जमीन आयटी पार्कात गेलेली, अंगठ्या भरपूर. त्यांच्या पत्नी आनंदीबाईंच्या हाताला सुई लावलेली होती. हिंदुराव उठले आणि माझ्यासमोर आले.

“बाई, माझं शिक्षान चौथी. बाटलीत काय हाय, मला काय कळतंय? नारळवाल्या बुवाला उघडं पाडनाऱ्या बाईंचा फोटो हाय म्हनून मी हिला हितं आनली. दवाखान्यातनं नाव काढून आनली. आता तुमीच म्हनताय ह्ये खोटं?”

“खोटं आहे,” मी म्हणाले. त्यांनी बायकोच्या हाताची सुई काढायला लावली आणि तिला घेऊन जिना उतरले. आणखी तिघे उठले. बाकीचे बसून राहिले. एवढे महिने फुकट गेले, हे मान्य करण्यापेक्षा बाटली संपेपर्यंत बसणं त्यांना सोपं वाटलं असेल. मला समजतं ते. मी तक्रारी केल्या. दोन महिन्यांनी क्लिनिक बंद झालं, ती पाटी उतरली. दुसऱ्या कुठल्या गावात लागली असेल.

त्याच आठवड्यात सूरज आणि मी दीपाला सर्जन बाईंकडे घेऊन गेलो. बाईंनी नव्या तपासणीची फिल्म दिव्यावर धरली. मग म्हणाल्या, “कण्यात गेलंय. यकृतातही. आता ऑपरेशनचा उपयोग नाही.”

“ते व्हिटॅमिन सी...” सूरज म्हणाला.

“मुख्य उपचाराच्या जोडीला काही ठिकाणी देतात ते. थोडा थकवा कमी होतो, असं काही पेशंट सांगतात. त्यावर अभ्यास चालू आहेत. पण त्याने कर्करोग बरा होतो असं आजवर दिसलेलं नाही. जोडीला आणि ऐवजी, या फरकात माणूस जातो हो.” बाई रागावल्या नव्हत्या. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

दीपाला शेवटी मी सगळं सांगितलं. आयोडीन, लिंबू, सगळं. ती उशीवर मान टेकून ऐकत होती. माझ्याच वर्गात शेवटच्या बाकावर बसायची तशी, निमूट.

“ताई, तो माणूस मला पहिल्या दिवसापासून लबाड वाटला होता,” ती म्हणाली.

“मग बोलली का नाहीस?”

“तू नळी धरली होतीस ना.” मग माझा हात हातात घेऊन म्हणाली, “रडू नकोस गं. तुलाही मी हवी होते, म्हणून झालं.”

ऑगस्टमध्ये दीपा गेली. सूरज ई-मेलची ती प्रिंट अजून पाकिटात ठेवतो. टाक म्हटलं तरी टाकत नाही.

आता जे सांगते ते माझ्या शब्दावर मानू नका. माझ्या शब्दावर मानून काय होतं, ते वर लिहिलंच आहे. टिंक्चर आयोडीन औषधाच्या दुकानात मिळतं. साबुदाणा आणि लिंबू घरात असतंच. स्वतः करून बघा. आणि घरात कुणी आजारी असेल, तर कोट कितीही पांढरा असो, पाटी कितीही शहाणी असो, भिंतीवर कुणाचाही फोटो असो, आधी विचारा की बाटलीत काय आहे, आणि रंग गेला म्हणजे रोग गेला हे कशावरून. उत्तर मिळेपर्यंत ऑपरेशनची तारीख चुकवू नका.

हा प्रश्न दीपाने मला त्या दिवशी विचारला असता, तर उत्तर मला येत होतं. तिला विचारायची गरजच वाटली नाही. मी होते ना.