नाव कुणाच्या नावावर

मित्रांनो, खाडीच्या काठावर, बर्फाच्या कारखान्याच्या भिंतीलगत जी होडी एका कुशीवर कलंडून पडली आहे, ती मी. माझ्या अंगावरचा निळा रंग पापुद्र्यांनी गळतो आहे. येणारेजाणारे मला पाहतात आणि जरा बाजूने जातात. तुम्ही थांबलात, म्हणून सांगते. माझी कहाणी फार सुखाची नाही.

मला ज्यांनी बनवून घेतले, त्यांना सगळे अण्णा म्हणत. सुताराच्या अंगणात माझी एकेक फळी बसत होती, तेव्हा ते रोज येऊन तिच्यावरून हात फिरवत. फटींमध्ये कापूस ठोकला गेला, वर डांबर चढले आणि एका भरतीला मला खाडीत लोटले. मी तरंगले तेव्हा अण्णा गुडघाभर पाण्यात उभे राहून लहान मुलासारखे हसत होते. मग त्यांनी बंदराच्या कचेरीत माझी नोंदणी केली. मालक म्हणून त्यांचे नाव लागले.

अण्णांना एकच मुलगी. तिची आई लवकर गेली, त्यामुळे ती माझ्यातच वाढली. जाळ्यांच्या ढिगावर झोपायची, माझ्या आडव्या फळीवर पाटी ठेवून अक्षरे गिरवायची. अण्णा तिला म्हणत, "होडीला आणि सासूला रोज विचारावं लागतं, बरं आहे ना म्हणून. नाही विचारलं की दोघी रुसतात." पुढे ती शिकली, परिचारिका झाली आणि दूरच्या शहरात नोकरीला गेली.

अण्णांचे गुडघे थकले, तेव्हा त्यांनी मला लंबूला विकले. हा उंच, वाकून चालणारा माणूस आणि त्याची बायको खाडीच्या अलीकडून पलीकडे माणसे नेऊ लागले. तो सुकाणू धरी, ती लोकांना बसवी आणि तळात साचलेले पाणी डब्याने उपसून टाकी. बाजाराच्या बायका, कामगार, कधी एखादी शेळीसुद्धा माझ्यातून जाई. पलीकडच्या शाळेचे सगळे बाक मीच वाहून नेले. त्या दिवशी मुख्याध्यापिकाबाईंनी माझ्या काठावर थाप मारून म्हटले, "हिच्यामुळे मुलं जमिनीवरून उठली." मित्रांनो, इतके कौतुक मला पुन्हा कधी मिळाले नाही.

विक्री झाली, पण कागद तसाच राहिला. लंबू आठवण करी. "अण्णा, कचेरीत जाऊन नाव बदलून घेऊ या का?"

"जाऊ रे. मी काय पळून चाललोय?" अण्णा म्हणत.

पळून नाही, पण एका सकाळी ते झोपेतच गेले.

त्यानंतर नवा नियम आला. माणसे नेणारी होडी जो चालवतो, तिची नोंदणी त्याच्याच नावावर हवी. निरीक्षकाने मला पाण्याबाहेर काढायला लावले. लंबू धावत कचेरीत गेला आणि मान खाली घालून परतला. बायकोला म्हणाला, "कारकून म्हणतो, होडी तुमची असेल, पण कागदावर अण्णांची आहे. आता वारसाची सही आणा."

वारस म्हणजे ती मुलगी. लंबूने माझ्याशेजारी उभे राहूनच तिला फोन लावला.

"ताई, एक सही हवी होती. होडी माझ्या नावावर करायला."

ती म्हणाली, "दादा, घर भाड्याचं होतं, ते गेलं. दारावरची पाटीही गेली. बाबांचं नाव आता फक्त त्या होडीच्या कागदावर उरलंय. ते मी माझ्या हातानं कसं खोडू?"

"खोडायचं नाही, ताई. फक्त..." लंबू सांगू लागला.

"मला थोडा वेळ द्या," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

लंबूने वेळ दिला. पण, मित्रांनो, होडीला वेळ देता येत नाही. खारे पाणी आम्हाला जपते. ऊन आणि पावसाचे पाणी आम्हाला खातात. उन्हाने माझ्या फळ्या आक्रसल्या, फटींतला कापूस वाळून पडला. लंबूने अंगावर ताडपत्री घातली. ती फाटली, त्याने शिवली, पुन्हा फाटली. पोटासाठी तो बर्फाच्या कारखान्यात लाद्या ओढू लागला. बायको लोकांची धुणी धुऊ लागली. तो जाता-येता माझ्यापाशी थांबायचा. पुढे पुढे मान वळवून जाऊ लागला. तो रागावला नव्हता, त्याला बघवत नव्हते. दोन-तीन पावसाळ्यांत माझ्या तळात पाणी तुंबले आणि तिथे गवत उगवले.

शेवटी लंबूची बायको उठली आणि बसने त्या शहरात गेली. तिने तिथे काय सांगितले ते मला ठाऊक नाही. पण दोघी बरोबरच परतल्या आणि थेट काठावर आल्या.

मुलीने मला पाहिले. आत वाकून गवत उपटू लागली. मुळांबरोबर माझ्या लाकडाचा भुगा तिच्या मुठीत आला, तेव्हा ती थांबली.

"वहिनी, मला वाटलं होतं, सही नाही केली तर बाबा राहतील," ती म्हणाली. "मी तर त्यांची होडीच घालवली."

लंबूची बायको एवढेच म्हणाली, "चल, कचेरी बंद होईल."

त्याच दिवशी सही झाली. माझ्या कागदावर लंबूचे नाव लागले. मग तपासणीला निरीक्षक आला. वाईट माणूस नव्हता. त्याने टोकदार टोच्या काढून माझ्या तळाच्या फळीला लावला. दाबावे लागलेच नाही. तो मुठीपर्यंत आत गेला.

"कागद बरोबर आहेत," तो हळूच म्हणाला. "पण हिला पाण्यात सोडता येणार नाही. काठावर अशी ठेवताही येणार नाही. मोडावी लागेल. मालक कोण?"

लंबूने बायकोकडे पाहिले. मग म्हणाला, "मी."

निरीक्षकाने कागद पुढे केला. माझा मालक म्हणून लंबूने केलेली पहिली सही ती. मुलगी तोंड फिरवून उभी राहिली. लंबूची बायको भिंतीपाशी खाली बसली आणि पदराने डोळे न पुसता तशीच बसून राहिली. कुणी कुणाला दोष दिला नाही. दोष दिला असता तर कदाचित बरे वाटले असते.

उद्या कुऱ्हाडी घेऊन माणसे येतील. चांगल्या फळ्या कुणाच्या कुंपणाला लागतील, बाकीच्या चुलीत जातील. मला आता कशाचीच आशा नाही, म्हणून स्वतःसाठी काही मागत नाही. तुमच्या हाती मात्र एक गोष्ट देते. कुणाला काही द्याल, तर पुरते द्या. वस्तूबरोबर तिच्यावरचे आपले नावही त्याच दिवशी सोडा. आणि गेलेल्या माणसाची आठवण जपायची असेल, तर त्याने जिच्यावरून रोज हात फिरवला, त्या वस्तूला कामात राहू द्या. मी आणखी पुष्कळ वर्षे पाण्यात राहिले असते.