पेल्यातलं कडू पाणी

मी पेला बोलतोय. स्टीलचा नाही, काचेचा नाही, लाकडाचा. बिबल्याच्या झाडापासून मला घडवलं. विकणारे मला विजयसाराचा पेला म्हणतात. रात्रभर माझ्यात पाणी ठेवलं की ते चहासारखं तांबूस होतं. सकाळी ते प्यायलं की शुगर उतरते, अशी माझी ख्याती आहे. ती खरी की खोटी, हे मला विचारू नका. मलाच कळलं असतं तर ही कहाणी सांगायला बसलोच नसतो.

मला लेथवर घडवणारे मालोजी फार बोलत नसत. कुणी गुण विचारला तर म्हणायचे, "रंग सोडतो. म्होरचं मला ठावं न्हाई." मला तेव्हा त्यांचा राग यायचा. बापानेच लेकराचं कौतुक करायचं नाही, तर कुणी करायचं?

त्यांच्याकडून मी पुण्याजवळच्या मोशीला आरोग्य प्रदर्शनात आलो. माझ्या एका बाजूला तळपाय दाबायचे रोलर, दुसऱ्या बाजूला साबुदाण्याएवढ्या होमिओपॅथीच्या गोळ्या, समोर चुंबकाचे पट्टे आणि काढ्यांच्या बाटल्या. जो तो म्हणायचा, रोगाचं मूळ आम्हालाच सापडलंय. एका बाईंच्या गुडघ्याची पाच स्टॉलवर पाच कारणं निघाली, आणि त्या बिचाऱ्या पाच पिशव्या घेऊन घरी गेल्या. तीन दिवसांत माझं डोकं गरगरायला लागलं.

तिसऱ्या दिवशी ज्योतीराम आले. मूळचे औशाकडचे, पण वीस वर्षांपासून चाकणच्या एका कंपनीत प्रेस मशीनवर. बरोबर त्यांच्या पत्नी सुमनताई. विकणारा म्हणाला, "साहेब, हा घेतला की गोळीची गरजच उरत नाही."

"डॉक्टरांना एकदा विचारू की," सुमनताई म्हणाल्या.

"डॉक्टर कशाला हो म्हणंल? त्याचं दुकान बंद व्हायचं," असं म्हणून ज्योतीरामांनी मला पिशवीत टाकलं.

दुसऱ्याच दिवशी त्यांच्या शुगरच्या गोळ्या घंटागाडीत गेल्या. सुमनताईंच्या आईची नजर शुगरने गेली होती. त्यामुळे त्यांनी समजावलं, भांडून पाहिलं, एक दिवस अबोलाही धरला. ज्योतीरामांचं एकच, "जन्मभर गोळी खायची म्हंजी माणूस भंगारात निघाल्यासारखं वाटतंय मला."

नवरा हट्टी निघाला की बायकोला गनिमी कावा शिकावा लागतो. सुमनताईंनी जुन्या चिठ्ठीवर मेडिकलमधून गोळ्या आणल्या. पहाटे ज्योतीराम अंघोळीला गेले की त्या एक गोळी कागदात धरून लाटण्याने बारीक करायच्या आणि माझ्या पाण्यात ढवळायच्या. माझ्या पोटात काय चाललंय ते मला कळत होतं, पण सांगणार कोणाला?

पहिल्या दिवशी ज्योतीरामांनी तोंड वेडंवाकडं केलं. "लई कडू हाय. आज अर्क उतरला बग." कडू म्हणजे गुणकारी, ही आपल्या माणसांची जुनी समजूत. त्या दिवसापासून ते कडूपणावर खूश.

तीन महिन्यांनी शुगर तपासली तर बरीच खाली आली होती. सगळं श्रेय मला. खरं सांगतो, मी फुगलो. मग विचार करू लागलो. गोळी तर रोज होतीच. शिवाय पेल्याच्या उत्साहात त्यांनी चहातली साखर सोडली होती आणि कंपनीच्या बसच्या थांब्यापर्यंत चालत जायला लागले होते. यात माझा वाटा किती? सगळा, थोडा, की शून्य? मला काही उमगेना.

ज्योतीरामांना मात्र काडीचीही शंका नव्हती. त्यांनी अख्ख्या बसला माझं माहात्म्य सांगितलं. जिवलग मित्र जहीरभाई, त्यांचं जवळच टू-व्हीलरचं गॅरेज, त्यांनाही शुगर. ज्योतीरामांनी त्यांच्यासाठी स्वतः पेला आणला. पंधरा दिवसांनी जहीरभाई चहाला आले आणि म्हणाले, "भावा, माझं पाणी कडू लागत नाही राव."

"लाकूड मुरू दे की. महिनाभर थांब."

कणीक मळणाऱ्या सुमनताईंचे हात थांबले. "जहीरभाई, गोळी चालू आहे ना?"

"गोळी कशाला?" त्यांच्या आधी ज्योतीरामच म्हणाले. "माझी हाय का?"

सुमनताईंनी तोंड उघडलं आणि पुन्हा मिटलं. खरं सांगावं तर नवऱ्याची गोळी बंद होणार. न सांगावं तर... त्या पुढचं मनातसुद्धा आणेनात. त्यांनी कणीक मळायला घेतली.

जहीरभाईंनीही गोळी सोडली होती. पुढे दोन महिन्यांनी गॅरेजमध्ये जहीरभाईंच्या पायाला तापलेला सायलेन्सर लागला. जखम भरेना. ताप आला, पाय काळवंडला, दवाखान्यात न्यावं लागलं. शुगर चारशेच्या वर निघाली.

तिसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्या पत्नी शाहीन आमच्या दारात उभ्या. हातात रिकामी बाटली. डोळे सुजलेले. "सुमनताई, तुमच्या पेल्यातलं पाणी देता का थोडं? ह्यांच्या पेल्यात कडूपणाच नाही. आमचा नकली निघाला वाटतं. डॉक्टर बोटं कापायची म्हणतात."

ज्योतीरामांची दुसरी शिफ्ट होती, ते घरीच होते. लगेच म्हणाले, "सगळं दे. पेलाच दे, न्या वैनी."

सुमनताईंनी मला उचललं, पण पुढे केलं नाही.

"शाहीन, पेला नकली नाही गं. दोन्ही सारखेच आहेत. ह्याच्यात मी रोज गोळी मिसळत होते. ती कडू लागायची."

शाहीन रिकामी बाटली पदराखाली धरून निघून गेल्या. ज्योतीरामांनी मला विसळलं, साधं पाणी भरलं आणि तासाभराने चाखून पाहिलं. कडू नव्हतं. मग चप्पल घालून ते दवाखान्यात गेले आणि मित्राला स्वतःच्या तोंडाने सगळं सांगून आले.

जहीरभाईंचा पाय वाचला, दोन बोटं गेली. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी ज्योतीरामांना झापलं, आणि चोरून औषध दिल्याबद्दल सुमनताईंनाही. पेल्याचं विचारलं तर त्या म्हणाल्या, "थोडा उपयोग होतही असेल, मी खात्री देत नाही. गोळीसोबत काही घ्यायचं असेल तर मला सांगून घ्या. गोळीऐवजी मात्र नाही." सोबत आणि ऐवजी. त्या प्रदर्शनात एवढे दोन शब्द कुणी उच्चारले नाहीत.

आता माझा रंग उतरलाय, पाणी तांबूस होत नाही. माझ्यात ज्योतीरामांच्या गोळ्यांची पाकिटं उभी असतात, सगळ्यांसमोर.

सहा महिने जहीरभाई आमच्याकडे आले नाहीत. हल्ली येतात. डाव्या चपलेला त्यांनी जास्तीचा पट्टा शिवून घेतलाय. ती चप्पल दारात दिसली की मी पुन्हा गोंधळतो. ती बोटं कुणामुळे गेली? विकणाऱ्यामुळे, ज्योतीरामांच्या भाबडेपणामुळे, सुमनताईंच्या गप्प बसण्यामुळे, की माझ्यामुळे?

म्हणून हात जोडून सांगतो, कोणताही पेला, काढा, पुडी घ्या, पण आपल्या डॉक्टरांपासून लपवू नका. आणि मित्राला औषध सांगण्याआधी घरी एकदा नीट विचारा, आपण नेमकं काय पितोय.

जहीरभाई आत येतात, बसतात आणि पहिलं वाक्य रोज तेच बोलतात. "भावा, गोळी घेतलीस?"

ज्योतीराम माझ्यात हात घालतात. सुमनताई दुसऱ्या पेल्यात पाणी आणतात.