पांढरा ठिपका

आमच्या गॅरेजात एक नियम आहे. ज्याने पाइपाचा क्लॅम्प आवळला त्याने त्यावर आपल्या रंगाच्या मार्करने ठिपका द्यायचा, आणि दुसऱ्याच्या ठिपक्याला त्याला विचारल्याशिवाय हात लावायचा नाही. माझा रंग पांढरा. डिग्री असलेला मी एकटाच, तेव्हा रंग निवडायचा पहिला मान माझा, असं मीच सुचवलं होतं.

बेकरीची एक व्हॅन आली. चढावर तिचा दम जायचा. तिच्या टर्बोची सर्व्हिस पंधरवड्यापूर्वी मीच केली होती. स्कॅनर लावला. टर्बो इंजिनात हवा दाबून भरतो, तो दाब कमी पडतोय, असं सेन्सर सांगत होता. मी सेन्सर बदलला. नव्यानेही तेच सांगितलं. दोन सेन्सर एकसारखं खोटं बोलतात म्हटल्यावर माझ्यातल्या शिकलेल्या माणसाने निष्कर्ष काढला, की वायरिंग खराब आहे. वायरिंग ताईंचं होतं.

ताई आमच्या इलेक्ट्रिशियन, माझ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठ्या. मीटर लावल्याशिवाय चहा गरम आहे यावरही त्यांचा विश्वास बसत नाही.

“इंजिन बंद, चावी चालू. काय दाखवतोय?” त्यांनी विचारलं.

स्कॅनरवर बाहेरच्या हवेइतका दाब होता, अगदी बरोबर.

“म्हणजे सेन्सर शहाणा, वायरही शहाणी.” मग त्यांनी सेन्सरशेजारी काट्याचं साधं गेज जोडलं आणि मला चढावर गाडी पळवायला लावली. काटा आणि स्कॅनर, दोघंही एकाच आकड्यावर अडकले.

“काट्याला तर वायरच नाही, डिग्रीवाले. हवाच पोचत नाहीये. हवेच्या पाइपावरचा तो पांढरा ठिपका उघडून बघू?”

“माझ्या कामावर संशय?”

“हवेवर आहे. ती तिथूनच जाते.”

“नको,” मी म्हणालो आणि मालकांच्या केबिनमध्ये जाऊन सांगितलं, की ताईंचं सोल्डरिंग आता पूर्वीसारखं राहिलं नाही, वय झालं. हळहळून सांगितलं. हळहळून सांगितलेलं लवकर पटतं. मालकांनी ताईंना शनिवारपासून येऊ नका म्हणून कळवलं.

शुक्रवारी दुपारी सगळे जेवायला बसल्यावर मी व्हॅनखाली शिरलो. नुसती खात्री करायला, असं स्वतःला बजावलं. एरवी जेवणाची सुट्टी सोडणाऱ्यांतला मी नाही. माझा ठिपका मीच पुसला, क्लॅम्प सैल केला, पाइप ओढला. आत, हवा गार करणाऱ्या जाळीच्या तोंडाशी एक फडकं चिकटून बसलं होतं. पिवळं, त्यावर बदकं. माझ्या लेकीच्या जुन्या फ्रॉकचं. सर्व्हिसच्या वेळी आत धूळ जाऊ नये म्हणून मीच कोंबलं होतं. धूळ गेली नव्हती, एवढं मान्य करायला हवं.

फडकं खिशात घातलं, पाइप जोडला, चक्कर मारली. व्हॅन चढावर अशी सुटली की मागचे पावाचे रिकामे क्रेट आपटले.

परत आलो तर मालक दारातच. “झाली? सोल्डरिंगच ना?”

मी “हं” असा एक आवाज काढला. त्याचा काहीही अर्थ होऊ शकला असता. मला कोणता हवा होता ते मला ठाऊक होतं.

ताई आपला ड्रॉवर रिकामा करत होत्या. मीटर पिशवीत टाकून निघाल्या, माझ्याजवळ थांबल्या, आणि माझ्या खिशातून लोंबणारं बदक दोन बोटांनी आत ढकललं.

“पडेल,” म्हणाल्या.

ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. ओरडणाऱ्याशी निदान भांडता येतं.

मी केबिनमध्ये जाऊन फडकं टेबलावर ठेवलं.

“हे काय?”

“ताईंचं सोल्डरिंग,” मी म्हणालो, आणि पाइपापासून “हं”पर्यंत सगळं सांगितलं.

मालकांनी फडकं माझ्याकडे परत सरकवलं. “हे मला काय सांगतोस? बाहेर सांग. सगळ्यांसमोर.”

बाहेर सात जण होते. सांगताना माझी नजर प्रत्येकाच्या बुटांवर एकेकदा जाऊन आली. कुणी हसलं नाही. ताईंनी पिशवीतून मीटर काढून परत ड्रॉवरमध्ये ठेवला.

“त्या क्लॅम्पवर ठिपका दिलात का?” त्यांनी विचारलं.

दिला नव्हता. दुपारी मी पाइप उघडला होता हे कुणाला कळायला नको होतं.

“मग द्या. नियम आहे.”

मी पांढरा मार्कर घेऊन व्हॅनखाली शिरलो. ठिपका द्यायला दोन सेकंद लागले. बाहेर यायला बराच वेळ लागला.