मी गळले नव्हते

मी मशक बोलतेय. शेळीच्या कातड्याची, पाणी भरायची. मी गळले नव्हते. पण त्या दिवशी एकानेही माझ्यावर विश्वास ठेवला नाही. कातड्याचं ऐकतो कोण?

मला नूरीने शिवलं. वाटाड्या यूसुफची बायको ती. डाळिंबाच्या सालीत मुरवलं, टाक्यांना तूप चोळलं, पाणी भरून तीन दिवस टांगलं. थेंब पडला नाही, तेव्हाच नवऱ्याच्या हाती दिलं.

यूसुफ साहेबलोकांना वाळवंट दाखवायचा. अठ्ठावन्न सालच्या मार्चमध्ये मीना अल-अहमदीच्या तेलबंदरातले चार इंजिनियर आणि त्यांच्या मडमा निघाल्या. तीन दिवसांची सहल. मुक्काम एकाच टेकडीखाली, दिवसा फिरून यायचं. आम्ही तिघी मशका, दिवसाला एक. मी शेवटच्या दिवसाची. स्वयंपाकाच्या गाडीमागे टांगलेली.

स्वयंपाकी रत्नागिरीकडचा बदरुद्दीन. हात गोड, जीभ त्याहून गोड. यूसुफ मंडळींना घेऊन गेला की हा माझं तोंड सोडी आणि तांदूळ धुवी. एक पाणी, दोन पाणी, पाच पाणी! धुवण सरळ वाळूत. मडम म्हणाली, "दाणा न् दाणा मोकळा!" झालं, दुसऱ्या दिवशी सात पाणी.

तिसऱ्या दिवशी यूसुफने मला उचललं. मी हलकी.

"बदरू, पाणी?"

"मी कशाला घेतोय, यूसुफभाय? चहा, पीठ, सगळं त्या दोघींतलं. ही तुमची म्हातारी गळतेय."

म्हातारी! मला वर्षही झालं नव्हतं. आणि तो खोटंही बोलत नव्हता. तांदूळ धुणं म्हणजे पाणी वापरणं, हे त्याच्या डोक्यातच नव्हतं. दारात विहीर असलेल्याला काय कळणार?

दुपारी एक मडम चक्कर येऊन पडली. बडा साहेब यूसुफवर ओरडला, "सडकं कातडं आणलंस! माणसं मारतोस?" यूसुफ गाडी घेऊन धनगरांच्या तंबूंकडे गेला, मला काठोकाठ भरून आणलं. सगळ्यांसमोर थेंब गळला नाही. तर साहेब म्हणे, "आता भिजून फुगलंय."

मग यूसुफला गाडीमागे वाळूवर पांढरी खपली दिसली.

"हे काय?"

"धुवण. निवळ होईपर्यंत धुतो. आई म्हणते, खळ राहिली की भात..." बोलता बोलता बदरुद्दीनचं तोंड उतरलं. "यूसुफभाय, साहेबाला सांगू नका. रोजी जाईल."

"मी नाही सांगणार. तुझ्या हातचं खाल्लंय. तूच सांग."

"सांगतो. अल्लाकसम सांगतो."

अहमदीला पोचल्यावर साहेबाने सगळ्यांदेखत यूसुफला काढून टाकलं. बदरुद्दीन गाडीला टेकून मूग गिळून उभा.

आज आठ वर्षं झाली. साहेबाने मला गंमत म्हणून ठेवून घेतलं. फिंतासच्या बंगल्यात भिंतीवर लटकतेय, कोरडी, तडकलेली. पाहुणे आले की हसतात, "हीच का ती गळकी?" आणि जो डोळे मिटून विहीर गाठायचा, तो यूसुफ बंदरावर पोती वाहतो.

माझं काय, मी कातडं. पण त्याच्या माथी खापर नको. कुणी विचारलं तर एवढं सांगा: मशक धड होती, वाटाड्या खरा होता. पाणी वाळूत ओतणारा आणि तोंड मिटून उभा राहणारा एकच. बदरुद्दीन.